‘घोव जाऊन दीड वर्ष, आणि मी हसायला जाऊ?’

पत्र, थोडक्यात:

‘डॉक्टरताई, मी वेंगुर्ले तालुक्यातली. वय 64. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, दीड वर्षापूर्वी अचानक गेले. मुलगा डोंबिवलीला, मुलगी म्हापशाला. घरात मी एकटी, भिंतीपलीकडे जाऊबाई. आमच्या वाडीतल्या आठ-दहा बायका सकाळी किनाऱ्यावर हास्यक्लब करतात. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई घेतात. त्या रोज हाक मारतात म्हणून दोनदा गेले. पहिल्या दिवशी नुसती उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कशी कोण जाणे, हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. घरी आले तर जाऊबाई पडवीतून म्हणाल्या, “घोव जावन अजून दोन वर्सां पुरी जावक नाय, आणि ही दर्यार जावन दात काढता.” त्या दिवसापासून गेले नाही. मुलगा म्हणतो जा, हसण्याने बीपी, शुगर, कॅन्सरसुद्धा बरा होतो, त्याने मोबाईलवर तसं पाठवलंय. मला बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आणि सांगायला लाज वाटते, पण जोरात हसलं की थोडी लघवी होते. मनात नसताना खोटं खोटं हसून खरंच काही फायदा असतो का? मी जाऊ का नको? नाव छापू नका.’

ताई, नमस्कार.

जा. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तुमची शेवटची ओळ वाचताना तुम्ही उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभ्या आहात असं मला दिसत होतं. फक्त उद्याच सकाळी नको. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे डोळ्याची जखम भरत असते. खाली वाकणं, जड उचलणं, कुंथणं, जोरजोरात खोकणं या सगळ्याने डोळ्यावर दाब येतो आणि पोटातून हसणंही त्याच जातीचं. साधारण महिना-दीड महिना जाऊ द्या. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हास्यक्लबला जाऊ का?’ त्यांनी होकार दिला की जा. तोवर सकाळी किनाऱ्यावर जाऊन सुरूच्या सावलीत नुसतं बसायला काहीच हरकत नाही. गॉगल तेवढा लावा, वारं सुटलं की वाळू डोळ्यांत जाते.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण रुतलेला काटा जाऊबाईंच्या वाक्याचा आहे. म्हणून आधी तो.

माझे वडील गेले तेव्हा मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. तेराव्याला पंगती उठल्यावर माजघरात आम्ही सगळ्या बायका भांडी आवरत होतो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मावशीने सहज फणसाची आठवण काढली. वडील एकदा परसातल्या फणसावर चढले, मोठा फणस दोरीला बांधून हळूहळू खाली सोडत होते, दोरी हातातून सुटली, फणस पडला तो नेमका शिडीवर. शिडी गेली आडवी. वडील फांदीवर बसून खाली ओरडले, ‘शिडयेक काय लागला नाय मां?’ आणि मग शेजारच्यांची शिडी येईपर्यंत तासभर वरच बसून राहिले. मावशी सांगत होती आणि मी आईकडे बघत होते. आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. तिने पदर तोंडावर घेतला, आणि पदराआडून आवाज आला तो हसण्याचा. मग आम्हाला कोणालाच आवरेना. दारात एक म्हाताऱ्या आत्याबाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘अगो, आज?’ आणि दोन मिनिटांत त्यासुद्धा उंबऱ्यावर बसून डोळे पुसत हसत होत्या. त्यानंतर आई खूप रडली. आणि मग म्हणाली, ‘मला थोडा भात वाढ.’ तेरा दिवसांत पहिल्यांदा तिने आपणहून जेवायला मागितलं होतं.

आईने त्या दिवशी वडिलांना विसरून हसलं असं मला कधीच वाटलं नाही. ते त्या माजघरात जितके होते तितके मागच्या बारा दिवसांत नव्हते.

पुढे कळलं की यावर अभ्यासही झाला आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांना त्यांनी गेलेल्या माणसाविषयी बोलतं केलं आणि बोलताना त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. जी माणसं बोलता बोलता मनापासून, डोळ्यांपर्यंत पोचेल असं हसली, ती आतून कमी पोळलेली होती आणि आसपासच्या माणसांशी त्यांचं बरं चाललं होतं. हसल्यामुळे दुःख हलकं झालं, की हलकं व्हायला लागलं म्हणून हसू फुटलं, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण ती माणसं हसली ती गेलेल्याबद्दल बोलतानाच. आणि तेही सहा महिन्यांत. तुम्हाला तर दीड वर्ष झालंय.

हसता हसता रडू आलं म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरू नका. हसू आणि हुंदका, दोन्ही एकाच जागेतून उठतात. फुफ्फुसांच्या खाली स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल. हसताना तेच हिंदकळतं, हुंदका देतानाही तेच. बरेच दिवस आवळून धरलेलं माणूस पहिल्यांदा पोटातून हसलं की बरोबरीने दुसरंही वर येतं. हास्यक्लब घेणाऱ्या अनुभवी बायांना हे ठाऊक असतं. अशा वेळी त्या पाठीवर हात ठेवतात आणि घाईने गप्प करत नाहीत. तुमच्या बाईंनी काय केलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारली, यावरून बाई चांगल्या असाव्यात.

आता खोट्या हसण्याचं.

ताई, तुम्ही अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत काढलीत. गोल करून किती वेळा सिंह झाला असाल, बेडूक झाला असाल, रडणाऱ्या पोरासमोर तोंड वेडंवाकडं केलं असेल? त्या वेळी मनात घरची काळजी असेल, मानधन थकलं असेल, डोकं दुखत असेल. तरी सिंहाची डरकाळी फोडलीत आणि समोरचं पोर खिदळलं की तुम्हीही हसलात. पहिली डरकाळी ठरवून होती. नंतरचं हसू ठरवून नव्हतं. हास्ययोगाची सगळी रीत एवढ्यावरच उभी आहे. त्यात ‘सिंह हास्य’ नावाचा प्रकारसुद्धा आहे, जीभ बाहेर काढून, पंजे दाखवून. तुम्हाला कोणी शिकवायची गरज पडू नये.

ही रीत आली कशी, तेही सांगते. मुंबईतले डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला एकेकाने पुढे येऊन विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, असं चाले. पंधरवड्यात विनोद संपले. उरले ते कोणाला तरी लागतील असे, आणि माणसं कुरकुरायला लागली. तेव्हा त्यांनी ठरवलं की विनोद नकोच, नुसतंच हसू या. एकमेकांच्या डोळ्यांत बघत, लहान मुलांसारखं. त्यांच्या पत्नी माधुरी कटारिया योग जाणणाऱ्या, त्यामुळे मधेमधे दीर्घ श्वास आले आणि त्याचा हास्ययोग झाला. आज जगभर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी हास्यदिन पाळतात, तो याच बागेतून निघालेला. आपल्याकडे पुण्यात तर बागाबागांतून सकाळी हे हसणं ऐकू येतं.

विनोदाशिवाय हसू येतं का, हा प्रश्न कोकणातल्या माणसाने खरं तर विचारू नये. दशावतारात संकासूर येतो. काळ्या वेशातला, तोच दरवर्षीचा. त्याचं आणि भटजीचं बोलणं पोराटोरांना पाठ असतं. पुढचं वाक्य काय येणार हे ठाऊक असूनही अख्खी जत्रा हसते, आणि जे आजोबा चाळीस वर्षं तेच ऐकत आलेत ते सगळ्यांत आधी. शब्दांमुळे असतं तर चाळीस वर्षं कसं टिकलं असतं? रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने माणसं कधी हसतात याच्या हजारावर नोंदी रस्त्यात, बाजारात फिरून घेतल्या. त्यात हसण्याआधीचं वाक्य खरोखर विनोदी होतं असं शंभरात फार तर वीस वेळा. बाकी सगळं ‘बरं, येते हां’, ‘हो का’ असलं साधं बोलणं. आणि एकटं असण्यापेक्षा चार माणसांत माणूस तीसपट हसतो, असंही त्यांना आढळलं. तुम्ही एकट्या राहता. दीड वर्ष हसू आलं नाही यात तुमच्या मनाचा दोष कमी आणि रिकाम्या घराचा जास्त आहे.

क्लबांतून एक वाक्य ठासून सांगतात, की शरीराला खऱ्या आणि खोट्या हसण्यातला फरक कळत नाही. मी तसं म्हणणार नाही. मेंदूला फरक कळतो, ऐकणाऱ्यालाही कळतो. पण श्वासाचं काम दोन्हीत सारखंच होतं, आणि ते काम मोलाचं आहे. ‘हा हा हा’ म्हणजे दुसरं काय? एकामागून एक छोटे छोटे उच्छ्वास. वय वाढलं, चालणं कमी झालं की आपण वरवरचा श्वास घेतो, छाती जेमतेम हलते. दुःखात तर आणखीच. पोटातून हसताना आत साठलेली हवा एरवीपेक्षा जास्त बाहेर पडते, मग पुढचा श्वास आपोआप खोल येतो. नाडी थोडी वाढते, आणि हसू ओसरलं की खांदे, मान, जबडा सैल पडतात. हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी जाणवलं असणार, रडू आलं तरी.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर अशा एका गटात पंधरा दिवस जात होते. सकाळचे साडेसहा. आधी चालून अंग मोकळं करायचं. मग दोन्ही तळवे पूर्ण भिडवून टाळ्या, ‘हो हो, हा हा हा’, एक-दोन, एक-दोन-तीन अशा तालात. पहिल्याच दिवशी मला गाऱ्हाण्यातलं ‘व्हय म्हाराजा’ आठवलं. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी एका श्वासात साथ द्यायची. आपल्याकडे हे रक्तातच आहे. मग हात वर नेत श्वास, खाली आणत उच्छ्वास. मग हसण्याचे प्रकार, एकेक अर्धा-पाऊण मिनिट: नमस्काराचं हसू, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात लस्सी ओतल्याचं, ओठ मिटून हसायचं, बोट नाचवत भांडणाचं. आमच्या गटाचं स्वतःचं एक होतं, लाटेचं. दर्याकडे तोंड करून ओळीत उभं राहायचं. लाट लांब असताना ओठांत हसायला सुरुवात, ती वर चढेल तसा आवाज चढवायचा, फुटली की दोन्ही हात फेकून मोठ्याने, आणि पाणी मागे सरेल तसतसं हळू करत गप्प. एका मावशींचा हात कायम माझ्या हातात असे. त्यांची बोटं कोलंबी सोलून खरखरीत झालेली. लाट फुटली की त्या माझा हात इतका घट्ट दाबत की अंगठी रुते. थोडं पलीकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढणारे असत. त्यांतला एक आधी आमच्याकडे बघून मान हलवायचा. आठवड्याभराने दोरी ओढता ओढता तोही लाटेबरोबर हसायला लागला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

शेवटी पाच मिनिटं वाळूवर डोळे मिटून बसायचं. हा भाग चुकवू नका. बऱ्याच जणी चहाच्या ओढीने उठून जातात, आणि निवांतपणा नेमका तिथेच मिळतो.

आता मुलाने पाठवलेल्या मजकुराबद्दल. मुलगा मायेने पाठवतो, त्याला रागवू नका. पण हसण्याने कॅन्सर बरा होत नाही. बीपीची आणि शुगरची गोळी हसण्यामुळे एक दिवसही चुकवायची नाही. माझ्या दवाखान्यात असं वाचून गोळ्या बंद केलेली माणसं आलेली आहेत, आणि त्यांतल्या एका बाईंचं अर्धं अंग परत आलं नाही. म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिते आहे.

जे खरोखर दिसून आलंय ते लहान आहे, पण आहे. जपानमध्ये 2003 साली मधुमेहाच्या 19 रुग्णांना सारखंच जेवण देऊन एके दिवशी कंटाळवाणं व्याख्यान ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी विनोदी कार्यक्रम दाखवला. विनोदी कार्यक्रमाच्या दिवशी जेवणानंतरची साखर कमी चढली. चढली, पण कमी. 2012 मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना गटाने हसवलं आणि हातावर बर्फासारखा गार पट्टा बांधून ते किती वेळ सोसतात ते पाहिलं. हसलेली माणसं जास्त वेळ सोसत होती. मेंदूत तयार होणारी वेदनाशामक द्रव्यं, एंडॉर्फिन, हे त्याचं कारण असावं असं त्यांचं म्हणणं. आणि तुमच्या सर्वांत जवळचा अभ्यास तेहरानचा, 2011 सालचा. तिथल्या उदास झालेल्या वयस्कर बायकांचे तीन गट केले. एकाला हास्ययोग, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला काहीच नाही. हास्ययोगाने उदासपण उतरलं, आणि व्यायामानेही तेवढंच उतरलं. मला हे वाचून आनंद झाला. हास्ययोगात जादू नाही, पण उठून, बाहेर पडून, चार जणींबरोबर अंग हलवण्याइतकी ताकद त्यात नक्की आहे, आणि ज्या बाईला ‘व्यायाम’ म्हटलं की अंगावर काटा येतो ती हसायला मात्र येते. वजनाच्या आशेने मात्र जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्याने 10 ते 40 कॅलरी जळतात, म्हणजे फार तर अर्धी चपाती. चालणं चालूच ठेवायचं.

आता जे सांगायला तुम्हाला लाज वाटली त्याकडे येते. ताई, ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या सत्तावीस वर्षांच्या दवाखान्यात हे दुखणं आपणहून पहिल्याच वाक्यात सांगणारी बाई मला आठवत नाही. सर्दी, गुडघे, पित्त, असं सगळं सांगून झाल्यावर उठता उठता, दाराचा पडदा हातात धरून, हळूच सांगतात. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या कितीतरी बायकांना हे असतं. त्यापायी बायका जत्रेला जात नाहीत, एसटीने लांब जात नाहीत, पाणी पिणं तोडतात. तुमच्या त्या आठ-दहा जणींतही निदान दोघी-तिघींना असणार, त्याही एकमेकींना सांगत नसणार.

होतं असं, की ओटीपोटाला खालून तोलून धरणारे स्नायू सैल पडतात. हसलं, खोकलं, शिंकलं की वरून दाब येतो आणि खालचं तोंड घट्ट मिटत नाही. हे स्नायू कमावता येतात. वारा सरायचा थांबवताना जी जागा आत ओढून घेतो, तीच. बसून किंवा आडवं पडून ती जागा आत आणि वर ओढायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, मग तेवढाच वेळ सैल सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका, ती सवय वाईट. फरक पडायला तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. आणि हास्यक्लबासाठी एक खास युक्ती: हसायला सुरुवात करायच्या क्षणभर आधी ती जागा आवळून घ्यायची आणि मग हसायचं. खोकल्याच्या आधीही तसंच. लाटेचं हसू असेल तर लाट चढताना आवळा. सरावाने हे आपोआप व्हायला लागतं.

निघताना लघवीला जाऊन या, पहिले काही महिने पॅड वापरा, त्यात कमीपणा नाही. पाणी मात्र तोडू नका. शुगर वाढली तरी लघवीला जास्त होते आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो, तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटं दाखवून हे सांगा. खाली जड वाटत असेल, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, जळजळ होत असेल किंवा रक्त दिसलं तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग हास्यक्लब.

बीपी एकदा मोजून घ्या. वरचा आकडा 160 किंवा खालचा 100 च्या पुढे असेल तर आधी तो खाली आणायचा. शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी किनाऱ्यावर जाऊ नका. छातीत भरून आलं, चक्कर आली, धाप बसेना झाली तर थांबायचं आणि बाजूला बसून सांगायचं. तुमच्या बाईंना माझ्या वतीने सांगा की नवीन येणारीला हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, काचबिंदू, फिट्स, वाढलेली मूळव्याध यांविषयी एकदा बाजूला घेऊन विचारत जा. सर्वांसमोर विचारलं तर कोणी खरं सांगत नाही.

आणखी एक विचारायचं आहे. रात्री झोप लागते का? जेवण जातं का? जगण्यात काही राहिलं नाही असं दिवसेंदिवस वाटत राहतं का? तसं असेल तर नुसत्या हसण्यावर सोपवू नका, डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही फुकट सेवा आहे, 14416 हा नंबर. रात्रीअपरात्री लावला तरी माणूस बोलतं.

राहिल्या जाऊबाई. त्या वाक्याने तुम्हाला लागलं आणि लागणारच. पण पत्र पुन्हा वाचताना मला एक गोष्ट दिसली. तुम्ही दर्यावरून परत आलात तेव्हा त्या पडवीत होत्या. म्हणजे सकाळी सातला त्या बसून होत्या, तुमची वाट बघत किंवा एकट्याच. गेला तो त्यांचा दीर होता. भिंतीपलीकडून त्यांनाही घर रिकामं ऐकू येत असेल. त्यांनी शोक कसा करायचा हे लहानपणापासून एकाच पद्धतीने पाहिलंय, त्यात तुम्ही वेगळं केलंत, तर त्या बावचळल्या. मी त्यांची बाजू घेत नाही, ते बोलणं त्यांनी करायला नको होतं. पण उलट उत्तर देऊन किंवा न जाऊन, दोन्हींनी तुम्ही एकट्याच पडाल.

डोळ्यांच्या तपासणीपर्यंत तुम्हाला महिना आहे. या महिन्यात सकाळी बसायला जाताना त्यांना म्हणा, ‘माका डोळ्यांनी नीट दिसणा नाय, वाईच दर्यापर्यंत सोबतीक येशात?’ हे खोटंही नाही. त्या येतील, न येतील. आल्या तर त्यांनाही सुरूखाली बसू दे, हसायचा आग्रह नको. समोर दहा बायका लाटेबरोबर हसताना रोज बघणाऱ्या माणसाचं काय होतं ते मी रापण ओढणाऱ्याचं सांगितलंच.

पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही लिहून खोडलेली एक ओळ मला वाचता आली: ‘ह्यांना संकासूर फार आवडायचा.’ ते गेल्यापासून तुम्ही जत्रेला गेला नसाल. यंदा जा. तो आला की ते कुठल्या वाक्याला हसायचे हे तुम्हाला ठाऊक असणार. रात्री थंडी पडते, डोक्यावरून स्कार्फ घ्या, आणि चटई नेताना दोघींना पुरेल अशी न्या.